पन्हळीचा शनिवार

सकाळी ६

चहाचा कप हातात घेऊन घराभोवती एक फेरी. मे महिन्याचा तिसरा शनिवार. आभाळ ढगाळ आहे, पाऊस नाही, आणि दिवसभर ऊन तापणार नाही असा अंदाज आहे. मला असाच दिवस हवा होता. तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी जागच्या जागी वाळतं आणि एक डाग काढता काढता दुसरा पडतो.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं हे आमचं घर. १९८७ साली बांधलेलं, लाकडी सांगाड्याचं, दुमजली. वर डांबरी शिंगल्सचं छप्पर आणि छपराच्या कडेनं पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळी. इथे त्यांना गटर म्हणतात. या देशात आल्यावर हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा घराच्या डोक्यावर गटार कशाला, असा प्रश्न पडला होता. आपलं गटार पायाखाली असतं.

पन्हळी पांढऱ्या आहेत हे आता फक्त म्हणण्यापुरतं. दर्शनी बाजूला वरच्या काठापासून काळ्या उभ्या रेघा खाली उतरल्या आहेत. इथले कामकरी त्यांना ‘वाघाचे पट्टे’ म्हणतात. उत्तरेला, मेपलच्या सावलीत, हिरवट-काळा थर धरलाय. दक्षिणेला रंग पिठूळ झालाय; बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. आणि पन्हळीतून खाली उतरणाऱ्या नळांवर, साधारण छातीच्या उंचीपर्यंत, मोहरीहूनही बारीक काळपट ठिपके चिकटलेत. रस्त्यावरून पाहिलं तर सगळं सारखंच मळकं दिसतं. जवळ गेलं की चार वेगळी दुखणी.

खिशात ब्लीचची छोटी ड्रॉपरची बाटली ठेवली आहे. एक थेंब हिरवट थरावर, एक काळ्या पट्ट्यावर. दोन मिनिटं थांबायचं. हिरवट थरावर थेंबाएवढा पांढरा गोल उमटला, म्हणजे ती बुरशी. पट्टा होता तस्साच राहिला, म्हणजे तो मळ. ब्लीच बुरशीचा रंग घालवतं, मळाशी त्याला देणंघेणं नसतं. दिवसभरात काय कुठे लावायचं ते या दोन थेंबांनी ठरलं.

६.४५

दापोलीजवळच्या घरी दादाला फोन लावला. तिकडे दुपारचे सव्वाचार.

“काय रे, एवढ्या सकाळी?”

“आज पन्हळी साफ करायला काढल्यात.”

“अरे वा! तुमच्याकडेही आगोट आली म्हणायची!”

तो स्वतः त्याच गडबडीत आहे. कौलं चाळायची आहेत आणि माणूस मिळत नाही. माकडांनी मागच्या पडवीवरची दोन ओळी कौलं फोडली, त्यामुळे तिथे या वर्षी पत्रे घालायचे म्हणतोय. “मृगाच्या आधी झालं म्हणजे मिळवली,” हे त्याचं दरवर्षीचं वाक्य.

त्याच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाकीचे आठ महिने छप्पर कोरडं. माझ्याकडे वर्षाला जेमतेम ४५ ते ५० इंच, म्हणजे बाराशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो. पन्हळ कोरडी ठणठणीत अशी फार दिवस राहतच नाही. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही: थोडी ओल, थोडी धूळ आणि झाडाची सावली.

लहानपणी आमच्या वळचणीला पोफळीचं खोड चिरून, आतून कोरून केलेली पन्हळ होती. मग जस्ती पत्र्याची आली. ती गंजली की डांबर फासायचं, एवढीच तिची देखभाल. काळी पडली तरी कुणी घासत नसे, कारण पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीपासून न्हाणीच्या दगडापर्यंत सगळंच काळंहिरवं व्हायचं.

७.३०

शिडी बाहेर काढली. फायबरग्लासची, लांबणारी. अ‍ॅल्युमिनियमची शिडी हलकी असते आणि स्वस्तही, पण विजेच्या खांबावरून आमच्या घरात येणारी तार छपराच्या कोपऱ्याशीच आहे. धातूची शिडी तिथे नेण्याचा धोका मी घेत नाही.

चार फूट उंचीला पाया एक फूट लांब, हा शिडीचा हिशोब. गॅरेज आणि मागची बैठकीची खोली एकमजली आहे, तिथली पन्हळ ९ फुटांवर. म्हणजे शिडीचा पाय भिंतीपासून सव्वादोन फूट पुढे. शिडीच्या डोक्याला दोन आडवे हात बसवलेत, ते छपरावर टेकतात, पन्हळीवर नाही. पन्हळीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. शिडी त्यावर टेकवली की पोचा आलाच, आणि तो निघत नाही.

“अहो, वरच्या मजल्याचं काय?” बायकोनं शिडी धरता धरता विचारलं.

“तिथे मी चढणार नाही.”

“लिहून द्या.”

लिहून दिलं नाही, पण तीन वर्षांपासून पाळतो. वरची पन्हळ १८ फुटांवर आहे. तिचा गाळ काढायला शरदात माणूस बोलावतो. बाहेरची बाजू जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याच्या ब्रशनं मी धुतो.

८.१५

आधी आतला गाळ. बाहेरचे डाग बहुतेक आतून आलेले असतात. पन्हळ तुंबली की पाणी पुढच्या काठावरून सांडतं, आणि तेच पाणी रेघा ओढत खाली येतं. आत न पाहता बाहेरून घासणं म्हणजे गळक्या छपराखालची जमीन पुसत बसणं.

मे महिन्यात आत काय सापडतं ते ठरलेलं आहे. मेपलच्या बिया, एका पंखाच्या, भिरभिरत पडणाऱ्या. ओकचे तुरे, तपकिरी, लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले. हे तुरे नळाच्या तोंडाशी नेमके बूच बसवतात. खाली काळा चिखल, आणि त्या चिखलात पालवलेली मेपलची अकरा रोपं. सर्वात तळाशी वाळूसारखी खडी. ही शिंगल्सवरची खडी. डांबराचं उन्हापासून रक्षण करायला शिंगलवर बारीक, रंगवलेली दगडखडी बसवलेली असते आणि दर पावसात ती थोडीथोडी धुऊन येते. मूठभर आली तर चिंता नाही. ओंजळीनं यायला लागली की छपराचं वय झालं समजायचं. या वर्षी दीड मूठ निघाली.

दुधाच्या प्लास्टिक कॅनचा तळ तिरका कापून केलेलं फावडं या कामाला सर्वात चांगलं. ते पन्हळीच्या आकारात वळतं आणि रंगाला ओरखडा काढत नाही. लोखंडी करणी नेली की आतला रंग खरवडला जातो. हात लांब करून जेवढं पोचेल तेवढंच काढायचं. मग खाली उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. एकूण चौदा वेळा उतरलो. वरून वाकून आणखी हातभर पुढचं काढावं असा मोह प्रत्येक वेळी होतो.

१०

होज वर नेऊन पाणी सोडलं. नळ गडगडला, खालच्या टोकाशी आधी काळं, मग गढूळ, मग नितळ पाणी आलं. गॅरेजच्या बाजूला मात्र मधोमध एक थारोळं राहिलं. पन्हळीला १० फुटांमागे पाव इंच उतार लागतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण पाण्याला कळतो. तिथला एक आकडा ढिला होऊन पन्हळ बसली होती. स्क्रू आवळला, पुन्हा पाणी सोडलं, थारोळं गेलं. बुरशीचा सर्वात जाड थर बरोबर याच जागेखाली होता. आज नुसती बुरशी धुतली असती तर पुढच्या मे महिन्यात ती परत तिथेच भेटली असती.

१०.४५

आता बुरशी. एक भाग साधं घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी, थोडा साबण. साबण कुठला ते बाटलीच्या मागे वाचूनच घ्यायचा: त्यात अमोनिया नको. ब्लीचमध्ये अमोनिया पडला तर विषारी वायू होतो, व्हिनेगर पडलं तर क्लोरीन. ‘दोन चांगली औषधं एकत्र केली की आणखी चांगलं औषध’ हा हिशोब इथे जीवावर बेततो.

आधी खालचे हायड्रेंजिया साध्या पाण्यानं भिजवून घेतले. भिजलेलं पान नव्यानं उडालेलं ब्लीच कमी शोषतं. मग चष्मा, हातमोजे, जुना शर्ट. मऊ ब्रशनं लावलं आणि पाच मिनिटं थांबलो. घासायची घाई करायची नाही, वाळूही द्यायचं नाही. ढगाळ दिवसाचा फायदा इथे कळतो.

तिसऱ्या मिनिटाला हिरवं फिकं होतं, पाचव्याला करडं, आणि होज लावला की खालून पांढरं येतं. स्वच्छ धुणं यातलं सर्वात महत्त्वाचं. रंग शाबूत असेल तोवर धातू झाकलेला आहे. जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे राहिलेलं ब्लीच त्याला बारीक खड्डे पाडतं. म्हणून जेवढा वेळ लावायला, त्याच्या दुप्पट वेळ धुवायला.

दुपारी १

पिठलं, भात, कैरीचं लोणचं. हाताचा ब्लीचचा वास साबणानं गेला नाही, लोणच्यानं थोडा गेला.

जेवताना कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा आले. सत्तरी उलटलीय, तरुणपणी छपरांचीच कामं केली. त्यांच्या लहानपणी इथेही पन्हळी जस्ती पत्र्याच्या असत, जोड डाखाचे, आणि दर काही वर्षांनी रंग द्यावा लागे. मग अ‍ॅल्युमिनियम आलं. पुढे तर ट्रकच दारात उभा राहायला लागला: आतल्या यंत्रात रंगवलेल्या पत्र्याचं बंडल एका बाजूनं जातं आणि दुसऱ्या बाजूनं घराच्या मापाची, बिनजोडाची पन्हळ बाहेर येते.

याच धातूचा १०० औंसांचा एक तुकडा १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवला होता, तेव्हा तो चांदीच्या तोडीचा मौल्यवान होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, ओहायोतल्या चार्ल्स हॉलनं आणि फ्रान्समधल्या पॉल हेरूनं, एकमेकांना न कळता, विजेनं अ‍ॅल्युमिनियम काढायची एकच पद्धत शोधली आणि भाव कोसळला. स्मारकाचा मुकुट पुढे उतरत उतरत माझ्या गॅरेजच्या कडेला आला.

“याला गंज चढत नाही,” आजोबा म्हणाले, “म्हणून लोकांना वाटतं याची काळजी घ्यायला नको.”

२

वाघाचे पट्टे. दिवसातलं सर्वात चिवट काम.

छपरावरून येणाऱ्या पाण्यात धूळ, धूर आणि शिंगल्समधलं डांबर यांचा अगदी बारीक अंश असतो. पन्हळीच्या काठावर थेंब लोंबतो, तिथून ओघळतो, वाळतो. वर्षानुवर्षं त्याच वाटेनं. हा मळ रंगाला असा चिकटतो की साध्या साबणानं हलत नाही. या धंद्यातले लोक याला ‘इलेक्ट्रोस्टॅटिक बाँडिंग’ म्हणतात, म्हणजे स्थिर विजेच्या ओढीनं चिकटणं.

आठ वर्षांपूर्वी मला हे ठाऊक नव्हतं. सगळं काळं म्हणजे बुरशीच, असं समजून आधी ब्लीच लावलं. काही झालं नाही. दुप्पट लावलं. काही झालं नाही. मग चिडून ओव्हन साफ करायचा फवारा मारला. पट्टा गेला. पट्ट्याबरोबर रंगाची चमकही गेली आणि एका ठिकाणी रंगच गेला. त्या फवाऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. लोखंडी ओव्हनच्या कोळशाला ते चालतं, अ‍ॅल्युमिनियमला मात्र ते खातं, आणि खाताना हायड्रोजनचे बुडबुडे सोडतं. ते बुडबुडे मी कौतुकानं पाहिले होते: काय छान काम करतंय!

आईला रसायनशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं. पण कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठल्या धातूचं कशाशी जमत नाही हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत असायचं. मी मात्र बाटलीवरचं ‘जबरदस्त’ हे विशेषण वाचून थांबलो होतो.

आता ब्युटिल सेलोसॉल्व नावाचं द्रावक असलेला क्लीनर वापरतो. खास पन्हळींसाठी विकतात. फवारायचं, अर्धं मिनिट थांबायचं, मऊ ब्रश हलक्या हातानं उभा फिरवायचा, लगेच धुवायचं. एका वेळी तीन फुटांपलीकडे जायचं नाही. ब्रशखालून करडं पाणी उतरतं आणि मागे पांढरं राहतं, तेव्हा थकवा जातो. पण जोर लावायचा नाही. जोर लावला की पट्ट्यासोबत रंगही पुसला जातो आणि ती जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसत राहते. आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, करून बघायचं.

आजोबांनी पलीकडून विचारलं, “प्रेशर वॉशर देऊ का?” नको म्हटलं. त्या पाण्याच्या माऱ्यानं पिठूळ झालेला रंग सोलून निघतो आणि पाणी पन्हळीमागच्या लाकडी फळीत घुसतं. डाग गेलेला लगेच दिसतो, फळी कुजलेली चार वर्षांनी.

४

दक्षिणेकडची पांढरी पूड. हा डागच नव्हे. कारखान्यात पत्र्यावर भाजून बसवलेल्या रंगाचा वरचा थर उन्हानं विटला की तो असा खडूसारखा सुटतो. याला औषध नाही. सौम्य साबणानं धुतलं, कोरडं केलं आणि गाडीचं मेण हलकं फिरवलं. चमक परत येते असं म्हणणार नाही. मळ बसायला मात्र वेळ लागतो.

मग नळांवरचे काळे ठिपके. इथे मी हरलो, दरवर्षीसारखा. हे एका बुरशीचे बीजाणूंचे गोळे. ती वाढते फुलझाडांच्या मुळाशी पसरलेल्या लाकडाच्या भुशावर. प्रकाशाच्या दिशेनं ती आपला गोळा उडवते, काही मीटर लांब. पांढरी भिंत, पांढरी मोटार, पांढरा नळ हे तिचे लाडके. म्हणून इथे तिला ‘तोफखान्याची बुरशी’ म्हणतात. शास्त्रीय नाव स्फेरोबोलस. गोळा चिकटला की सिमेंटसारखा. नखानं खरवडला तर निघतो, खाली तपकिरी डाग ठेवतो. ब्लीच नाही, ब्युटिल नाही, काही नाही.

तेव्हा ठिपके सोडून दिले आणि फावडं घेऊन नळांभोवतीचा भुसा उचलला. पुढच्या शनिवारी तिथे बारीक गोटे टाकायचे. जिथे डाग काढता येत नाही, तिथे तो कुठून येतो ते बंद करायचं.

५.३०

शेवटची तपासणी: पाणी कुठे जातं. १००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर ६२३ गॅलन पाणी होतं, सुमारे २३६० लिटर. एवढं पाणी पायाशी ओतलं तर ते तळघरात येणारच. नळाच्या टोकाला जोडलेला पाइप भिंतीपासून सहा फूट लांब नेऊन सोडलाय. हिवाळ्यात बर्फ उपसताना तो निसटला होता, पुन्हा जोडला.

चिखल आणि पानं झुडपांच्या मुळाशी टाकली, शिंगल्सची खडी मात्र कचऱ्यात. अकरा रोपांपैकी एक बायकोनं कुंडीत लावलं.

७

आंघोळ करून रस्त्यावर जाऊन घराकडे पाहिलं. उजेड अजून तासभर आहे. उत्तरेची बाजू पांढरी, दर्शनी बाजू पांढरी. गॅरेजच्या कोपऱ्यावर आठ वर्षांपूर्वीचा तो ओव्हनच्या फवाऱ्याचा मंद ठिपका, आणि नळांवर तोफखान्याची मोहरी. बाकी घरं पाहिली. आमच्या गल्लीत बऱ्याच पन्हळींवर पट्टे आहेत आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

दादाला दुपारी एक फोटो पाठवला होता. त्याचा निरोप केव्हाचा येऊन पडलाय: “पांढरी झाली. आता गळते का ते बघ.”

खालच्या पन्हळी गळत नाहीत. वरच्या नोव्हेंबरअखेर, ओकची पानं पडल्यावर, माणूस येऊन उघडेल. तुम्ही हे काम काढणार असाल तर दुकानातून काही आणण्याआधी घरातल्याच ब्लीचचा एक थेंब डागावर टाका आणि दोन मिनिटं थांबा. आठ वर्षांपूर्वी मी थांबलो असतो, तर गॅरेजच्या कोपऱ्यावर तो डाग नसता.